भिक्षूचं तलवारबाजाला पत्र

समोरून तलवार येते आहे. तुमचं लक्ष कुठे असेल? अर्थात तलवारीवर. मग तुम्ही मेलातच, असं सतराव्या शतकातला जपानी झेन भिक्षू ताकुआन सोहो सांगतो. मन तलवारीपाशी अडकलं की हात अडकतो, आणि समोरच्याला तेवढा क्षण पुरतो.

आश्चर्य म्हणजे हे तो पत्रातून सांगतोय यागयू मुनेनोरीला, जपानचा लष्करी शासक असलेल्या शोगुन तोकुगावा इएमित्सूच्या तलवारबाजीच्या गुरूला! जीवहत्या न करण्याचं व्रत घेतलेला माणूस तलवारीचा धडा देतो, आणि कसलेला योद्धा तो मुकाट्याने घेतो.

ताकुआन उदाहरण देतो सहस्रभुज कान्नोनचं. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. त्याचं अकरा मुखांचं रूप मुंबईत कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात आजही पाहता येतं. हजार हातांपैकी धनुष्य धरलेल्या एकाच हातावर मन खिळलं, तर उरलेले नऊशे नव्याण्णव कुचकामी. मग मन ठेवायचं तरी कुठे? कुठेच नाही, म्हणजे ते अंगभर पसरतं. नवशिक्याला काहीच येत नसतं, म्हणून तो बेधडक हात उचलतो. शिकायला लागला की पवित्रा, पकड, नजर अशा शंभर ठिकाणी मन ठेचकाळतं. वर्षानुवर्षांच्या सरावानंतर शिकलेलं सगळं अंगात मुरतं आणि तो पुन्हा नवशिक्यासारखा मोकळा होतो. सायकल शिकलेल्या कुणालाही हे पटावं.

भिक्षूने योद्ध्याला असा धडा दिला, म्हणून सामुराईंची, म्हणजे जपानी योद्ध्यांची, सगळी रीत बौद्ध होती असं नाही. त्यांची एकच लिखित आचारसंहिता कधीच नव्हती. घराण्याघराण्यांचे नियम होते, १६१५ साली शोगुनशाहीने लष्करी घराण्यांसाठी कायदे काढले. स्वामिनिष्ठा आणि रीतभात बरीचशी कन्फ्यूशियसच्या विचारातून आली. ‘बुशिदो’, म्हणजे योद्ध्याचा मार्ग, हे नाव जगभर गाजलं ते नितोबे इनाझोच्या १९०० सालच्या इंग्रजी पुस्तकामुळे, आणि नितोबे होता ख्रिस्ती! बौद्ध विचाराने दिलं ते वेगळंच: मरणाकडे बघण्याची रीत आणि मन आवरण्याची युक्ती. क्वचित करुणाही. मंगोलांची स्वारी परतवल्यावर तेव्हाचा राज्यकर्ता होजो तोकिमुनेने १२८२ साली कामाकुरात एन्गाकुजी हे मठमंदिर उभारलं, ते दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी.

पण मन आवरण्याची ही युक्ती कुणाच्याही हातात चालते, हे मला खटकतं. न अडकणारं मन चांगल्याच कामाला लागेल याची हमी काय? ताकुआनलाही ही शंका असावी. कारण तत्त्वज्ञान संपवून पत्राच्या शेवटी तो मुनेनोरीची चक्क कानउघाडणी करतो. मुलाची वागणूक सुधारायची तर आधी स्वतः नीट वाग, म्हणतो. आणि नोह नाट्यातल्या आपल्या नाचाचा तुला फार गर्व झालाय, सरदारांपुढे तो दाखवत सुटतोस, तेही बंद कर!