मिश्र वनातला कार्बनसाठा

झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड पानांवाटे घेते आणि त्यातला कार्बन खोड, फांद्या व मुळांत साठवते. वाळलेल्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा कार्बन असतो. म्हणजे एक टन कोरडे लाकूड तयार होताना हवेतला सुमारे 1.8 टन कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. पालापाचोळा कुजून काही कार्बन मातीतही मुरतो. झाड जळले किंवा कुजले, की साठा बहुतांशी हवेत परततो. म्हणून रोपे किती लावली यापेक्षा ती किती वर्षे जगली याला महत्त्व आहे.

जगण्याचा प्रश्न जातींच्या निवडीशी जोडलेला आहे. मुंबईच्या रस्त्यांवर पर्जन्यवृक्ष मोठ्या प्रमाणावर लावला गेला. मूळचा अमेरिका खंडातला हा वृक्ष भराभर वाढतो आणि दाट सावली देतो. मात्र 2010 नंतरच्या दशकात त्यावर पिठ्या ढेकूण पडला आणि कित्येक जुनी झाडे उभ्या उभ्या वाळली. एकाच जातीची रांग असली की कीड फांदीवरून फांदीवर सरकते. मध्ये करंज, बकुळ, ताम्हण असले तर तिची वाट अडते.

मिश्र लागवडीत वाढही जास्त होते. काटेसावर, पांगारा भराभर उंच जातात, पण त्यांचे लाकूड हलके असते. ऐन, कुसुम सावकाश वाढतात. त्यांच्या जड लाकडात तेवढ्याच आकारमानात अधिक कार्बन मावतो. पळस, पांगारा पानगळीत निष्पर्ण असतात, तेव्हा जांभूळ, बकुळ हिरवे असतात. करंजाच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. उजेड, पाणी आणि अन्न असे वाटून घेतले जाते. चीनच्या जियांगशी प्रांतातल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले: आठ वर्षांनंतर 16 जातींच्या मिश्रणात हेक्टरी सुमारे 32 टन, तर एकाच जातीच्या लागवडीत सरासरी 12 टन कार्बन जमिनीवरच्या भागात साठला होता.

असे मिश्र वन मुंबईतही आहे. मध्य मुंबईतल्या लालबागहून डॉ. आंबेडकर मार्गाने दादर, माटुंगा ओलांडून सायनला गेले, की जवळच मिठी नदीकाठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे 37 एकरांच्या या जागेवर 1977 पर्यंत शहराचा कचरा पडत असे. 1983 मध्ये पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते पहिले रोप लागले आणि 1994 मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. नाना जातींच्या झाडांनी क्षेपणभूमीचे वन झाले. त्याला दशकभराहून अधिक काळ लागला.

2020 पासून महापालिकेने मोकळ्या भूखंडांवर मियावाकी पद्धत वापरली. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या या पद्धतीत खत घालून भुसभुशीत केलेल्या जमिनीत चौरस मीटरला तीन-चार स्थानिक रोपे लावतात आणि पहिली दोन-तीन वर्षे पाणी देतात. गर्दीत काही रोपे मरतात, उरलेली उजेडासाठी झपाट्याने उंचावतात. अशा छोट्या तुकड्यांनी शहराच्या उत्सर्जनाची भरपाई होत नाही. सावली, पक्षी आणि जिरणारे पावसाचे पाणी हा त्यांचा जवळचा लाभ.

लालबाग-परळच्या अरुंद फुटपाथवर दाट वन शक्य नाही. तिथे बहावा, ताम्हण, बकुळ आलटून पालटून लावणे, बुंध्याभोवती काँक्रीट न भरता माती उघडी ठेवणे आणि जुनी झाडे राखणे हे उपाय उरतात. जुन्या झाडातला साठा अनेक दशकांचा असतो. बदली रोपांना तो भरून काढायला तितकाच काळ लागू शकतो.