नवा फोन: घोषणेपासून पक्क्या बिलापर्यंत

सप्टेंबर लागला की इंदूरच्या जेल रोडवर, डॉलर मार्केटच्या दुकानांतून एकच चौकशी ऐकू येते: नवा आयफोन कधी येतोय आणि कितीला पडेल? घरी यावर तीन मतं असतात. कोणी म्हणतं, अमेरिकेतल्या भाच्याला आणायला सांगू. कोणी म्हणतं, दिवाळीपर्यंत थांबू. कोणाला मागच्या वर्षीचाच पुरेसा वाटतो. यातलं कुठलंही मत बरोबर ठरू शकतं, पण ते ठरवायला आधी हिशेब मांडावा लागतो. आपण तो टप्प्याटप्प्याने मांडू. उदाहरणाला 2025 च्या सप्टेंबरमध्ये आलेला आयफोन 17 घेऊ. कंपनी दुसरी असली तरी टप्पे साधारण हेच असतात.

घोषणेच्या आधी काही महिने नव्या फोनची कथित चित्रं, किमती आणि रंग फिरू लागतात. या काळात आपल्याला काहीच करायचं नसतं. एक चूक मात्र टाळायची: हातातला फोन चालत असेल तर नवा येण्याच्या तोंडावर चालू मॉडेल पूर्ण किमतीला घेऊ नये. नवा आला की जुन्याची किंमत बहुतेक वेळा उतरते.

मग घोषणा होते. आयफोन 17 ची घोषणा 9 सप्टेंबर 2025 रोजी झाली, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. भारतातली किंमत 82,900 रुपयांपासून. वर्षभरापूर्वी आयफोन 16 आला तेव्हा सुरुवात 79,900 पासून होती, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी ‘तीन हजारांनी महागला’ अशी ओरड सुरू झाली.

इथे थोडं थांबून बघा. 79,900 चा आयफोन 16 हा 128 जीबीचा होता. जीबी म्हणजे फोनमध्ये फोटो, व्हिडिओ, ॲप साठवायला मिळणाऱ्या जागेचं माप. आयफोन 17 मध्ये सर्वांत कमी साठवणच 256 जीबी आहे. आयफोन 16 मध्ये तेवढी जागा हवी असती तर तेव्हा 89,900 मोजावे लागले असते. म्हणजे सारख्या जागेची तुलना केली तर नवा फोन सात हजारांनी स्वस्त निघतो. शिवाय पडदा सेकंदाला 120 वेळा ताजा होणारा आहे. आधीच्या साध्या मॉडेलमध्ये तो 60 वेळा व्हायचा, त्यामुळे वर-खाली सरकवताना नवा अधिक सफाईदार दिसतो. 2025 मध्ये महागड्या प्रोऐवजी साध्या मॉडेलकडे इतके लोक का वळले, ते यातून कळतं. पण ज्याला 128 जीबी पुरत होते, त्याच्या खिशातून तीन हजार जास्तच गेले, हेही तितकंच खरं. म्हणून दोन वर्षांच्या किमती शेजारी ठेवताना साठवण सारखी आहे ना, एवढं आधी पाहावं.

आता भाच्याचा प्रश्न. हाच फोन अमेरिकेत 799 डॉलरपासून. त्या वेळी डॉलर साधारण 88 रुपयांना होता, म्हणजे सुमारे 70,300 रुपये. साडेबारा हजारांचा फरक बघून कोणालाही वाटेल की आपल्याला लुटलं जातंय. पण आपल्या 82,900 मध्ये 18 टक्के जीएसटी धरलेला असतो. तो बाजूला काढला की मूळ किंमत उरते सुमारे 70,250 रुपये. अमेरिकेतली जाहीर किंमत मात्र कर सोडून सांगतात, तिथल्या बहुतेक राज्यांत विक्रीकर वर लागतो. म्हणजे साध्या मॉडेलपुरता फरक जवळजवळ सगळा कराचा आहे.

प्रो मॉडेलची गोष्ट वेगळी. तिथे 1,099 डॉलर म्हणजे सुमारे 96,700 रुपये, इथे 1,34,900. कर वजा केला तरी आपली किंमत 1,14,300 च्या आसपास राहते. हा साडेसतरा हजारांचा फरक करातून निघत नाही. भारतात जुळणी होऊनही एवढं महाग का, असा जो वाद झाला, तो प्रोच्या बाबतीत मला पूर्णपणे रास्त वाटतो. साध्या मॉडेलच्या बाबतीत तो टिकत नाही.

तरीही भाच्याला सांगण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या, कारण इथे बरेच जण फसतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये 2022 च्या आयफोन 14 पासून सिम घालायची खाचच नसते. त्यांत फक्त ई-सिम चालतं, म्हणजे प्लॅस्टिकचं कार्ड न घालता कंपनीकडून फोनमध्येच नोंदवलेलं सिम. जिओ, एअरटेल, व्हीआय ही सोय देतात, त्यामुळे फोन इथे चालेल. पण फोन बिघडला आणि दुसऱ्या साध्या फोनमध्ये कार्ड टाकून काम भागवायचं म्हटलं, तर ते लगेच जमणार नाही. घरातल्या ज्येष्ठांसाठी फोन आणत असाल तर हा विचार आधी करा. वॉरंटीच्या अटीही देशानुसार बदलू शकतात, त्या वाचून घ्या.

पुढचा टप्पा आगाऊ नोंदणीचा. आयफोन 17 ची नोंदणी 12 सप्टेंबरला सुरू झाली. नोंदणी म्हणजे वस्तू हातात नसताना दिलेले पैसे, म्हणून इथे सर्वांत जास्त सावध राहायचं. 2016 च्या फेब्रुवारीत ‘फ्रीडम 251’ नावाच्या फोनने देशभर केवढी खळबळ उडवली होती, ते अनेकांना आठवत असेल. रिंगिंग बेल्स या नोएडाच्या कंपनीने 251 रुपयांत स्मार्टफोन देण्याची जाहिरात केली आणि नोंदणीच्या पहिल्याच दिवशी तिचं संकेतस्थळ कोलमडलं. पत्रकारांना दाखवलेल्या नमुन्यांवर दुसऱ्याच कंपनीचं नाव पांढऱ्या रंगाने झाकलेलं निघालं. पुढच्या वर्षी कंपनीच्या प्रमुखाला फसवणुकीच्या तक्रारीवरून अटक झाली. लोक अशा भावावर विश्वास ठेवतात ते मूर्ख असतात म्हणून नव्हे. स्वस्त फोनची गरज खरी होती, तिचाच फायदा घेतला गेला.

म्हणून नोंदणी अधिकृत विक्रेत्याकडेच करा. दुकानात रक्कम दिलीत तर पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: मॉडेल, साठवण, रंग आणि ठरल्या तारखेला फोन मिळाला नाही तर पैसे परत मिळतील की नाही. ‘आपल्या घरचंच दुकान आहे’ म्हणून चिठ्ठीवर काम भागवू नका. दुकान घरचं असलं तरी फोनचा पुरवठा त्याच्या हातात नसतो.

आणि मग विक्रीचा पहिला दिवस. 19 सप्टेंबर 2025 ला मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ॲपलच्या दुकानाबाहेर पहाटेपासून रांगा होत्या. धक्काबुक्की झाली, सुरक्षारक्षकांना मध्ये पडावं लागलं. आदल्या वर्षी अहमदाबादहून आलेला एक तरुण तिथे एकवीस तास रांगेत उभा होता. इंदुरात कंपनीचं स्वतःचं दुकान नाही, अधिकृत विक्रेते आहेत. संध्याकाळची अवंतिका एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबई, त्यामुळे इथल्या मुलांनाही मोह होतो. हौस असेल तर जरूर जा. पण तोच फोन त्याच जाहीर किमतीला इथेही मिळतो, एवढं ध्यानात असू द्या.

पहिल्या आठवड्यांत टंचाई असते ती ठरावीक रंग आणि ठरावीक साठवणीची. पहिल्या खेपेला दुकानांना मोजकेच नग येतात, आणि ज्या रंगाचं कौतुक जास्त झालेलं असतं तो आधी संपतो. याच काळात काही ठिकाणी ‘फोन हवा तर सोबत कव्हर आणि चार्जर घ्यावाच लागेल’ असं सांगितलं जातं किंवा वरचे पैसे मागितले जातात. खोक्यावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त घेणं बेकायदा आहे. एक वस्तू देण्यासाठी दुसरी गळ्यात मारणं हीदेखील ग्राहक संरक्षण कायद्याने ‘निर्बंधक’ ठरवलेली व्यापारपद्धत आहे. चार्जरचा खर्च मात्र आधीच धरून ठेवा, कारण 2020 पासून आयफोनच्या खोक्यात तो येत नाही.

संकेतस्थळावर ‘फक्त दोनच शिल्लक’ असं खोटंच दाखवून घाई करायला लावणं, किंवा शेवटच्या पानावर न सांगितलेले आकार जोडणं, यांनाही आता मनाई आहे. केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा 13 फसव्या युक्त्यांची यादी जाहीर केली.

2025 मध्ये आणखी एक गमतीचा योग जुळला होता. विक्री सुरू झाली ती पितृपक्षात, आणि आपल्याकडे अजूनही अनेक घरांत त्या पंधरवड्यात नवी वस्तू घेत नाहीत. 22 सप्टेंबरला घटस्थापना, त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू. फोनही स्वस्त होईल या आशेने बरेच जण थांबले. मोठे टीव्ही आणि एसी 28 टक्क्यांवरून 18 वर आले, पण मोबाईल 1 एप्रिल 2020 पासून 18 टक्क्यांतच आहे आणि तिथेच राहिला.

थांबणाऱ्यांना दुसऱ्याच वाटेने फायदा झाला. आयफोन 17 येताच आयफोन 16 ची अधिकृत किंमत 69,900 झाली होती. 23 सप्टेंबरला ऑनलाइन दुकानांचे सणासुदीचे सेल सुरू झाले, तेव्हा त्याची जाहिरात 51,999 रुपयांना झाली. वर्षभरात जवळपास अठ्ठावीस हजारांची घसरण! ज्यांना नवा पडदा आणि जास्त साठवण नको होती, त्यांच्यासाठी त्या महिन्यातली सर्वांत शहाणी खरेदी हीच होती, असं माझं स्पष्ट मत आहे. अँड्रॉइडमध्येही वर्षभर जुना चांगला फोन घेण्यात आता पूर्वीसारखा धोका नाही. गूगलने पिक्सेल 8 पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस 24 पासून सात वर्षं सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवण्याचं वचन दिलं आहे. ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, आपण घेतल्यापासून नव्हे.

पैसे कसे द्यायचे, हा टप्पा सगळ्यांत फसवा. उदाहरणाला ‘बिनव्याजी हप्ता’ घ्या. समजा फोन 60,000 चा आणि सहा हप्ते दहा-दहा हजारांचे. वरवर बघता व्याज शून्य. प्रत्यक्षात बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट आधी देतो. दर 15 टक्के धरला तर व्याज होतं सुमारे 2,540 रुपये. ते त्या सवलतीत भागतं, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे साधारण 457 रुपये, आपल्या कार्डावर येतो. वर प्रक्रिया शुल्क वेगळं. रक्कम मोठी नाही, पण रोख घेणाऱ्याला तीच सूट मिळते का, हे विचारायला हरकत काय? ‘कॅशबॅक’ असेल तर तो आज कमी होत नाही, पुढे कधीतरी खात्यात येतो. तोवर पूर्ण रक्कम आपलीच गुंतलेली असते.

जुना फोन बदल्यात देताना घरी आलेला माणूस ओरखडा दाखवून भाव पाडतो, अशी तक्रार नेहमीची. फोनची चारही बाजूंनी छायाचित्रं आधी काढून ठेवा, आपलं खातं त्यातून काढा, माहितीची प्रत घेऊन मगच फोन पुसा.

आता बिल. इंदूर व्यापाऱ्यांचं शहर, त्यामुळे जीएसटी वाचवायला काकांच्या फर्मच्या नावाने बिल करून घेण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नका. व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याच्या लेखी सहसा ‘ग्राहक’ ठरत नाही, आणि पुढे फोन सदोष निघाला तर तक्रारीचं दारच बंद होऊ शकतं. फोन जो वापरणार त्याच्याच नावाने पक्कं बिल घ्या आणि त्यावर आयएमईआय क्रमांक आहे ना ते पाहा. हा प्रत्येक फोनचा वेगळा, पंधरा आकडी ओळख क्रमांक.

फोन सुरू झाला की *#06# दाबा. पडद्यावर दिसणारा क्रमांक खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. केवायएम लिहून, जागा सोडून, तो क्रमांक 14422 वर एसएमएस केला की सरकारी नोंदीतली माहिती परत येते. संदेशात ती तीन अक्षरं इंग्रजीत लिहायची. आयफोन असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटीची तारीखही बघा. ती आधीच सुरू झालेली दिसली तर तो फोन आपल्याआधी कोणीतरी चालू केला आहे.

ऑनलाइन मागवला असेल तर खोकं उघडण्याआधीपासून व्हिडिओ सुरू ठेवा. घरपोच देणाऱ्याने समोर उघडून दाखवायची सोय असेल, तर फोन पाहिल्यावरच त्याला ओटीपी सांगा. ओटीपी देण्याच्या घाईतच खोक्यातून साबणाची वडी निघण्याचे प्रकार झाले आहेत.

दुकान की ऑनलाइन, हा वाद 2014 पासूनचा आहे. त्या जुलैत शाओमीचा एमआय 3 फक्त फ्लिपकार्टवर आला आणि थोड्याच वेळात संपला, तेव्हापासून गावोगावचे दुकानदार सांगत आले आहेत की नवा माल आम्हाला मागाहून मिळतो. स्पर्धा आयोगाने जानेवारी 2020 मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला, त्यात निवडक मॉडेल फक्त आपल्याकडे विकण्याचा मुद्दा होता. दुकानदारांचं दुखणं खरं आहे. दोन्हीकडे भाव सारखाच पडत असेल तर मी जवळचं दुकान सुचवेन, कारण बिघाड झाल्यावर समोर बसून बोलायला माणूस असतो.

एवढं करूनही फोन सदोष निघाला तर आधी विक्रेत्याला आणि कंपनीला लेखी कळवा, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथेही तड लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. कंपनी बेंगळुरूची असो की गुरुग्रामची, तक्रार आपण राहतो तिथे, म्हणजे इंदुरातच दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी त्याला शुल्क नाही, आणि वकील लावण्याची सक्तीही नाही.