झीरो काढायचा म्हणजे

फोनवाल्याने लॅपटॉप उघडण्याआधी रिसेप्शनच्या काचेखालची एक्स्टेंशनची यादी मागवली. काम एवढंच होतं की पुण्यातल्या आमच्या ऑफिसातून बाहेर फोन लावताना आधी दाबावा लागणारा शून्य काढून टाकायचा. "सेटिंगला वेळ नाही लागत," तो म्हणाला, "भांडण या यादीशी आहे."

ऑफिसच्या एक्स्चेंजला आपल्या मनातलं कळत नाही. साध्या फोनवरून एकेक आकडा येतो तसा त्याला निर्णय घ्यावा लागतो. शून्य आला की बाहेरची लाइन, नऊ आला की ऑपरेटर, दोन आला की आतलं टेबल. शून्याचा आडोसा काढला की सगळे नंबर एकाच दारात गर्दी करतात. आमची बहुतेक एक्स्टेंशन दोनने सुरू होणारी, पुण्यातल्या बहुतेक जुन्या लँडलाइनही दोननेच. २४५ दाबून थांबलेल्या माणसाला अकाउंट्स हवंय, की तो पुढचे पाच आकडे डायरीत शोधतोय? तीनेक सेकंद थांबून मग ठरव, असं यंत्राला सांगता येतं. पण मग आतला प्रत्येक फोन तेवढा उशिरा लागतो. आणि मोबाइल नंबरातला पहिला नऊ दाबताच ऑपरेटरच्या टेबलावर घंटी वाजणार.

तरीही हा खटाटोप करावा, असं माझं मत. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावावा लागतो. म्हणजे आमच्याकडे शून्य दोनदा: एक एक्स्चेंजचा, एक सरकारी. नवा माणूस एकच दाबतो आणि 'शून्य लावा' ही सूचना ऐकून चिडतो, कारण त्याने तो लावलेला असतो. मिस्ड कॉलच्या यादीतून थेट उलट फोन करणं तर अशक्यच.

फोनवाल्याने मागच्या महिन्यांच्या कॉलच्या नोंदी चाळल्या. पाचने सुरू होणारा बाहेरचा नंबर त्यांत एकही नव्हता. झालं, सगळी एक्स्टेंशन पाचशेत गेली, ऑपरेटर ५०० वर. शून्याने सुरू होणारा नंबर आता जसाच्या तसा बाहेर जातो. शून्य नसलेला दहा आकडी मोबाइल नंबर आला, तर यंत्र स्वतःच शून्य जोडतं.

एकने सुरू होणारे नंबर मात्र त्याने आतल्या कुणालाच दिले नाहीत. गोदामातल्या जोडफोनाला १०१ होता, तोही बदलला. तो अग्निशमन दलाचा. ११२ आणि १०० थेट लागलेच पाहिजेत, यावर फोनवाला अडून बसला. योग्यच केलं. अमेरिकेत टेक्सासमधल्या मार्शल गावी २०१३ साली कॅरी हंट या बाईवर मोटेलच्या खोलीत प्राणघातक हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने चार वेळा ९११ हा तिथला आणीबाणीचा नंबर फिरवला. तो लागला नाही, कारण तिथे आधी बाहेरच्या लाइनचा नऊ दाबावा लागत होता. २०१८ साली तिच्या नावाचा कायदा झाला. फेब्रुवारी २०२० नंतरच्या नव्या यंत्रणांत ९११ थेट लागणं सक्तीचं आहे.

उरली बोटांची सवय. लोक काही दिवस दोन शून्य दाबणारच, आणि ००पासून आयएसडी सुरू होतो. ९२ने सुरू होणारा मोबाइल जुन्या सवयीने फिरवला की ००९२, म्हणजे पाकिस्तान. ज्या फोनांवर आयएसडी बंद आहे, तिथे त्याने नियम लिहिला: दोन शून्य धरून बारा आकडे आले तर पहिला शून्य गाळायचा. आयएसडी चालू असलेल्या साहेबांच्या फोनवर ही सोय करता येईना. "त्यांना तुम्हीच सांगा," तो रिसेप्शनच्या मॅडमना म्हणाला.

मग फॅक्सकडे वळला. त्याच्या मेमरीतल्या प्रत्येक नंबराआधी जुना शून्य आणि एक स्वल्पविराम होता. स्वल्पविराम म्हणजे लाइन मिळेपर्यंतचा थांबा. ते एकेक करून पुसावे लागले. व्हिजिटिंग कार्डांवर छापलेल्या दोनशेतल्या एक्स्टेंशनचं काय, असं मॅडमनी विचारलं. बाहेरून येणारा माणूस रेकॉर्ड केलेलं स्वागत ऐकून फक्त एक्स्टेंशन दाबतो, तिथे लँडलाइनशी गल्लत होण्याचा प्रश्नच नाही. त्या दारात त्याने जुने नंबरही चालू ठेवले.