लिहिते राहू या – भाग ६ : चाळीस नावांची यादी

नियमित लिहायला लागलेल्या माणसाला पहिल्या महिन्यातच एक आकडा सुचतो. बहुतेकदा तो १००० असतो. वर्षभरात हजार वाचक! हजारच का, याचं उत्तर मात्र कुणाकडे नसतं. मागच्या भागात आपण लिखाणाचा विषय नक्की केला. उद्दिष्टही त्या विषयातूनच यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

समजा, तुम्ही द्राक्षबागेवर लिहिता. निफाड-दिंडोरीकडच्या किंवा तासगावच्या बागायतदाराचं वर्ष दोन छाटण्यांभोवती फिरतं: एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी. फळछाटणीनंतर पाऊस रेंगाळला की डाऊनी या बुरशीजन्य रोगाची धास्ती. तेव्हा तुमचा लेख हाताशी असेल तर तो बागेत उभ्यानं वाचला जाईल. तोच लेख जानेवारीत आला तर कुणी उघडणारही नाही. म्हणून तुमचं उद्दिष्ट असं असू शकतं: ऑगस्टअखेर छाटणीच्या तयारीवरचे चार लेख पूर्ण, आणि ते आपल्या तालुक्यातल्या ४० बागायतदारांपर्यंत पोचलेले. त्यांपैकी दहा जणांनी जरी ‘पुढचा लेख कधी?’ असं विचारलं, तरी तुमचं लिखाण रुजायला लागलं. शहरातल्या हजार जणांनी तोच लेख वरवर चाळला, तर बागेला त्याचा काय उपयोग?

आता वेगाबद्दल. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं, ते पाक्षिक म्हणून. मजकूर मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. मे महिन्यापासून ते साप्ताहिक झालं. आधी पंधरवडा, मग आठवडा, हा क्रम आपल्यालाही घेण्यासारखा आहे. नोकरी, घर, मुलांच्या परीक्षा सांभाळून एका लेखाला किती संध्याकाळी लागतात, हे तीन आठवडे वहीत टिपून ठेवा. तीन लागत असतील तर आठवड्याला दोन लेखांचा संकल्प पहिल्याच लग्नसराईत मोडेल, आणि मोडलेल्या संकल्पानंतर पुन्हा लिहायला बसणं फार जड जातं. महिन्याला दोनच ठरवा, पण सुरुवातीलाच दोन लेख शिल्लक टाकून ठेवा.

मात्र वास्तववादी उद्दिष्ट म्हणजे बेताचं, सोयीचं उद्दिष्ट, असं समजू नका. इथे मला र. धों. कर्वे आठवतात. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं. विषय संततिनियमनाचा, लैंगिक आरोग्याचा. तेव्हा घरात ज्याचा उच्चारही होत नसे असा. या कामापायी प्राध्यापकाची नोकरी आधीच सुटलेली. १९३१ मध्ये मासिकातल्या लेखनावरून खटला आणि दंड. १९३४ मध्ये पुन्हा खटला. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरीही दंड झालाच. ऑक्टोबर १९५३ मध्ये कर्वे वारले, आणि नोव्हेंबर १९५३ चा अंक शेवटचा ठरला. म्हणजे सव्वीस वर्षांहून अधिक काळ ते हे मासिक चालवत होते, तेही बहुतांशी एकट्याच्या बळावर.

वाचकसंख्या हेच ध्येय असतं तर त्यांनी विषय कधीच बदलला असता. लोकांना आवडणारे विषय तेव्हाही पुष्कळ होते. विषय न सोडता पुढच्या महिन्याचा अंक काढणं, एवढं त्यांच्या हातात होतं आणि तेच ते करत राहिले. किती जण वाचतील हे लेखकाच्या हातात कधीच पूर्णपणे नसतं. कोणासाठी, कधी आणि किती लिहायचं, हे असतं. उद्दिष्टाच्या कागदावर या तीन गोष्टी आधी लिहा. वाचकांचा आकडा त्यांच्याखाली, पेन्सिलीनं.

तो आकडा तीन महिन्यांनी तपासा, रोज नको. तपासताना एकूण किती आले यापेक्षा दुसऱ्यांदा कोण आलं, कुणी आपणहून शंका विचारली, कुणी लेख शेजाऱ्याला दिला, हे बघा. चाळीसपैकी कुणीच परतलं नसेल तर संख्या वाढवण्याआधी त्यांतल्या दोघा-तिघांना भेटा आणि लेख कुठे सोडून दिला ते विचारा.

पुढच्या आठवड्यापर्यंत एवढंच करा: तुमच्या विषयाची ज्यांना खरोखर गरज आहे अशा ४० जणांची यादी काढा. पंधरावर अडलात, तर पंधराच लिहा. त्या यादीवरून पहिल्या लेखाचा आराखडा कसा करायचा, ते पुढच्या भागात.