उकिरड्यावरचं सगळंच खत नसतं

मे महिन्यात गावाकडच्या रस्त्यांवर शेणखताच्या ट्रॉल्या धावू लागतात. गोठे रिकामे होत चालले तसा ट्रॉलीचा भाव चढत गेला, तरी तिच्यात नेमकं काय भरलंय हे फारसं कुणी बघत नाही. वर्षभर उकिरड्यावर पडलेलं शेण बरेचदा नीट कुजलेलंच नसतं. वरचा थर उन्हात वाळतो, पावसात सत्त्व वाहून जातं आणि पोटात हवा न मिळालेला लगदा तसाच राहतो. असं खत पसरलं की त्याच्याबरोबर तणाचं बी शेतात जातं, आणि हुमणीही. पहिल्या वळवानंतर कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगे जमिनीत अंडी घालतात, आणि त्यातून निघालेल्या अळ्यांना, म्हणजेच हुमणीला, कच्चं शेणखत फार मानवतं. पुढे ऊस, भुईमुगाची मुळं कुरतडली गेली की औषधाच्या दुकानाची वाट धरायची.

नीट कुजणं म्हणजे काय, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास आपल्या जवळच झाला. होळकरांच्या इंदूरमध्ये कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात काम करत होते. शेतातला काडीकचरा, शेण, मूत्रात भिजलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ओलावा राखायचा आणि ढीग ठरावीक काळाने उलटायचा, की सुमारे तीन महिन्यांत खत तयार. हीच ‘इंदूर पद्धत’. तिच्यावरचं १९३१चं पुस्तक हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासोबत लिहिलं.

काम करतात ते जिवाणू. त्यांना एक भाग नत्रामागे साधारण २५ ते ३० भाग कर्ब लागतो. गव्हाच्या काडात कर्ब फार, ओल्या शेणात आणि भाजीच्या देठांत नत्र जास्त. म्हणून दोन्ही मिसळायचं. प्रमाण जमलं आणि हवा मिळाली की ढीग ५५ अंशांच्या पुढे तापतो. तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू त्या उष्णतेत मरतात. उलट काड तसंच जमिनीत गाडून लगेच पेरलं, तर जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं.

शेण कमी असेल तर? त्यावर यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी उपाय काढला. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ‘नाडेप’ हे नाव पडलं. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच विटांचं टाकं, भिंतींना हवेसाठी भोकं. त्यात सुमारे दीड टन काडीकचरा, तेवढीच किंवा थोडी जास्त माती, आणि शेण फक्त १०० किलोच्या आसपास. वरून शेणमातीने लिंपून घ्यायचं. तीन-चार महिन्यांत जवळपास तीन टन खत मिळतं. ज्याच्या दावणीला एकच गाय आहे, त्यालाही हे परवडतं.

आता हिशेबाचं. एक टन शेणखतात नत्र साधारण ५ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २० किलोच्या वर. म्हणजे एका गोणीसाठी चार टन खत. या तराजूत शेणखत नेहमी हरणारच, पण हा तराजूच चुकीचा आहे. खत टाकायचं ते सेंद्रिय कर्बासाठी. त्याने काळी जमीन भुसभुशीत होते, पाणी धरते आणि दिलेला युरियाही पिकाला नीट लागू पडतो.

शहरातल्या ओल्या कचऱ्यालाही हाच नियम. नुसतं खरकटं आणि भाजीची सालं डब्यात कोंबली की हमखास घाण सुटते. सुका पाला दुप्पट टाकला की वास थांबतो. ओलावा किती हवा? मुठीत दाबल्यावर हात ओलसर व्हावा, पाणी गळू नये. पण शहराचं खत घ्यायला शेतकरी नाखूश असतो, ते उगीच नाही. प्लॅस्टिकचे तुकडे आणि काचा चाळणीतूनही सुटतात आणि शेतात कायमच्या राहतात. कचरा घरीच वेगळा झाला नाही, तर पुढचं कोणतंही यंत्र हे निस्तरू शकत नाही.

खत घरचं असो की विकतचं, शेतात टाकण्याआधी मूठभर ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस ठेवा. पिशवी उघडल्यावर मातीचा वास आला तर खत तयार आहे. आंबूस किंवा उग्र वास आला तर ढीग उलटा, पाणी मारा आणि महिनाभर थांबा. पेरणी गाठायची म्हणून कच्चं खत रानात ओढू नका.