काळ्या रानातली आरसी गाडी

1976 साली जपानच्या तामिया कंपनीने पोर्शे 934 ची रिमोटवर पळणारी छोटी प्रतिकृती बाजारात आणली. ती डांबरावर पळायची. 1979 मध्ये याच कंपनीने ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ या दोन बग्ग्या काढल्या आणि आरसी, म्हणजे रेडिओ-कंट्रोल, गाडी रस्ता सोडून रानात शिरली. अमेरिकेतल्या वाळवंटी शर्यती डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या या गाड्यांचा रेडिओ बंद, पारदर्शक पेटीत बसवलेला असे. तेव्हापासून गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत निगेचा मजकूर साधारण तोच आहे: ब्रश मारा, हवा मारा, तेलाचा थेंब टाका. लिहिणाऱ्यांनी वाळू पाहिली होती, मुद्दाम बांधलेले मातीचे ट्रॅक पाहिले होते. पलूस-वाळव्याकडच्या उसाच्या रानातला चिखल त्यांनी पाहिलेला नव्हता.

सातारा-सांगली पट्ट्यात मातीचे इतके प्रकार जवळजवळ नांदतात की एकच नियम लावून भागत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. दोन्हीकडे खाली खडक एकच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पण पावसाने त्याची पश्चिमेला तांबडी जांभ्याची माती केली, नदीकाठी काळी कसदार आणि पूर्वेला मुरूम. गाडी कुठे फिरली यावर ती कशी धुवायची हे ठरतं, आणि काही वेळा धुवायची की नाही हेसुद्धा.

काळ्या मातीपासून सुरुवात करू, कारण खरी गंमत आणि खरा त्रास तिथेच आहे. या मातीतल्या चिकणमातीचे कण पातळ पापुद्र्यांचे असतात. पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. वाळली की तीच आकसते, उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यामुळेच. ओली असताना ती टायरच्या खाचांत बसते, चाकाच्या आत भरते, सस्पेन्शनच्या दांड्यांना लेप देते. चाक जड झालं की मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. जाणते लोक म्हणूनच वाफसा आल्याशिवाय काळ्या रानात गाडी सोडत नाहीत. औत घालायला जी वेळ योग्य, तीच आरसीलाही.

तरीही गाडी लडबडली, तर लगेच पाण्याखाली धरण्याचा मोह आवरावा. ओल्या काळ्या मातीवर पाणी मारलं की तिची रबडी होते आणि आधी जिथे गेली नव्हती तिथे जाते. बॉडी काढून गाडी सावलीत ठेवावी. माती वाळून आकसली की स्वतःहूनच कडा सोडते, मग जुना टूथब्रश आणि रंगाचा एक इंची ब्रश पुरतो. पंक्चरच्या दुकानातली हवाही चालते, पण नळी बेरिंगवर रोखू नये. द्राक्षबागायतदारांच्या घरी तर फवारणीचा एचटीपी पंप हाताशी असतो आणि ट्रॅक्टर धुतो तशी गाडी धुवायला कुणीतरी हमखास पुढे येतं. त्या दाबाने माती बेरिंगच्या सीलमधून आत ढकलली जाते. गाडी बाहेरून लखलखीत आणि आतून मेलेली, असा तो प्रकार. बागेचा विषय निघालाच आहे तर, नुकत्या फवारलेल्या ओळींतून गाडी फिरवू नये. तिथे काळजी गाडीची नाही, ती हातात घेणाऱ्या पोराची आहे.

चिखल वाळू देण्याच्या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो याच भागाने ओढवून घेतलेला आहे. कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत उसाला वर्षानुवर्षे पाणी सोडून बरीच जमीन क्षारपड झाली. निचरा नसला की पाणी वर येतं, उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. उन्हाळ्यात त्यांचा पांढरा थर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. अशा रानातला चिखल पोलादाला चिकटून रात्रभर राहिला तर सकाळी तांबेरा आलेला असतो. आरसीतली बहुतेक बेरिंगं क्रोम पोलादाची असतात आणि ते पोलाद कठीण असलं तरी गंजणारं आहे. इथे त्याच दिवशी पाण्याने धुणं भाग आहे. इलेक्ट्रॉनिक्स आणि बॅटरी आधी काढून घ्यायची, मग कमी दाबाच्या गोड्या पाण्याने गाडी धुवायची. बोअरचं पाणी घेऊ नये, कारण त्या गावांत बहुधा बोअरलाही तेच क्षार असतात. शेवटी तरी आरओच्या किंवा पावसाच्या साठवलेल्या पाण्याने गाडी खळबळून घ्यावी.

लोखंड आणि ही माती यांची गाठ आजची नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभारला, तेच पुढे किर्लोस्करवाडी झालं. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला खपेना, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नंतर याच शेतकऱ्यांच्या घरात फाळ पुसून त्याला जळकं ऑइल लावून ठेवायची सवय रुळली. आरसीच्या पिना आणि स्क्रू यांना हीच शिस्त लागू पडते. फक्त ऑइल स्वच्छ आणि पातळ हवं, आणि पुसून उरेल तेवढंच. ओलसर ऑइलवर पुढच्या फेरीला धूळ बसते आणि तिची घासणारी पेस्ट तयार होते.

म्हसवड, आटपाडी, जतकडे धुळीचाच त्रास असतो. तिथला मुरूम आणि ओढ्यातली वाळू कोरडी असते. चिकटत नाही, पण घासते. वाळूतली गारगोटी पोलादी चाकूवर ओरखडा काढण्याइतकी कठीण असते. ती शॉकअपच्या चकचकीत दांडीवर बसली की दांडी वरखाली होताना आतली रबरी रिंग कापली जाते आणि सिलिकॉन ऑइल गळायला लागतं. या भागात पाणी मुळीच लावू नये. दांड्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात, पिनियन आणि मोठ्या गिअरच्या दातांत ब्रश फिरवावा, तिथे ऑइल टाकू नये. शाळू काढलेल्या रानातली धसकटं टायर फाडतात ते वेगळंच. ऊस तुटलेल्या फडात पाचटाचे धागे ॲक्सलभोवती गुंडाळतात आणि बेरिंगच्या सीलखाली सरकतात, ते चिमट्याने ओढून काढावे लागतात.

जांभ्याच्या मातीचं थोडक्यात सांगतो. तिच्यातल्या लोहामुळे पांढऱ्या प्लॅस्टिकवर तांबूस डाग राहतात, ओली असतानाच पुसली तर निघते. पण कास पठारावर गाडी नेऊच नये. पश्चिम घाटाचा भाग म्हणून 2012 मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. तिथे कातळावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरच आहे, आणि चाक एका जागी फिरलं तर जे उखडतं ते पुन्हा साठायला किती काळ लागेल याचा हिशेब आपल्या आयुष्यात बसत नाही.

बेरिंगकडे परत येतो, कारण गाडी मरते ती इथून. नेहमीच्या 1:10 गाडीत 5×11×4 मिलिमीटरची बेरिंगं बरीच असतात. चाक बोटाने फिरवावं. करकर जाणवली तर बेरिंग काढून, पातळ पात्याच्या टोकाने सील उचलून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलवून धुवावं आणि वाळल्यावर ऑइलचा एक थेंब द्यावा. गॅरेजवाले पेट्रोल सुचवतात. ते घरात वापरू नये. थिनर पॉलिकार्बोनेटच्या बॉडीला तडे पाडतो. आणि डब्ल्यूडी-40 चा फवारा म्हणजे बेरिंगचं ऑइल नव्हे. 1953 मध्ये सॅन दिएगोत ते बनलं ते पाणी हटवायला. भिजलेल्या बेरिंगमधून पाणी काढायला उत्तम, पण त्यानंतर खरं ऑइल घालायलाच हवं.

भिजण्याविषयी सांगलीकरांना सांगायला नको. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, धोक्याची पातळी 45 फुटांची असताना. पूर ओसरल्यावर गॅरेजमधले फोरमन एकच गोष्ट सांगत होते: स्टार्टर मारू नका, आधी बॅटरी सोडवा. डबक्यात उलटलेल्या आरसीलाही हेच करावं. खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ सर्किट शिंतोड्यांना टिकेल एवढाच घ्यावा. मोटरची बेरिंगं आणि टायरमधला फोम त्यात येत नाहीत. फोम पाणी पितो आणि चाक वेडंवाकडं फिरू लागतं. टायरला दोन छोटी भोकं पाडून गाडी पळवली की पाणी बाहेर फेकलं जातं.

पावसाळ्याचे चार महिने गाडी माळ्यावर जाते, तेव्हा लिपो बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये आणि रिकामीही ठेवू नये. भरलेला सेल 4.2 व्होल्टचा असतो. साठवताना तो 3.8 च्या आसपास असावा आणि 3 च्या खाली कधीच जाऊ नये. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नये, मग ती कितीही महागाची असो.

एवढी उठाठेव कशाला, नवा पार्ट मागवू, असं म्हणणारे असतात. पण 2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयातशुल्क 20 वरून 60 टक्क्यांवर गेलं, 2023 मध्ये 70 वर. दर्जा-नियंत्रणाचा आदेश 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे. देशी खेळण्यांच्या धंद्याला यातून बळ मिळालं असेल, पण परदेशी बग्गीच्या मालकाला मात्र एका डिफरन्शियल गिअरसाठी वाट पाहत बसावं लागतं. सस्पेन्शनची पोलादी पिन कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून करून घेता येते. 3 मिलिमीटरचा गज कापून टोकाला ई-क्लिपसाठी खाच पाडायची, एवढंच काम. प्लॅस्टिकचा मोठा गिअर मात्र तिथे होत नाही, त्याचे दात मिळतेजुळते आले नाहीत तर पिनियनही खातो. म्हणून गाडी घेतानाच दोन गिअर, बेरिंगचा एक पूर्ण संच आणि शॉकअपच्या रबरी रिंगांची पुडी बरोबर मागवून ठेवावी. पिना अडकवणाऱ्या ई-क्लिप जास्तच घ्याव्यात. काळ्या मातीत पडलेली ई-क्लिप लोहचुंबकाशिवाय सापडत नाही, आणि बहुतेक वेळा चुंबकानेही नाही.