कॅफेचे अंगण आणि आष्टीची चहाटपरी

मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांच्या कडेला जी नवी वस्ती वाढत गेली, तिच्यात पाळीव कुत्र्याला सोबत घेऊन बसता येईल अशी कॅफे गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणी दिसू लागली आहेत. अशा कॅफेला श्वानस्नेही कॅफे म्हणतात. म्हणजे जिथे गिऱ्हाईक स्वतःचा कुत्रा घेऊन येऊ शकते, त्याच्यासाठी पाण्याचे भांडे आणि बसायला सावलीची जागा असते, आणि कुत्रा बरोबर आहे म्हणून कोणाला दारातून परत फिरावे लागत नाही. याहून वेगळा प्रकार म्हणजे प्राणी हेच मुख्य आकर्षण असलेले कॅफे. तैवानमध्ये तैपेई शहरात 1998 साली मांजरांचे असे पहिले कॅफे निघाले, पुढे जपानने ती कल्पना उचलून धरली, आणि मुंबईत वर्सोव्याला ‘कॅट कॅफे स्टुडिओ’ आणि दिल्लीच्या शाहपूर जाटमध्ये ‘पपीचिनो’ ही तिची भारतीय रूपे ठरली. वर्धा जिल्ह्यातील आष्टी हे तालुक्याचे गाव या यादीत कुठेच बसत नाही. मात्र माणसाच्या चहाफराळाच्या जागी कुत्र्याचे स्थान काय असावे, हा या कॅफेंच्या मुळाशी असलेला प्रश्न आष्टीच्या टपरीवर अधिक जुना आणि अधिक अवघड आहे, म्हणून तो तेथूनच तपासून पाहणे योग्य ठरते.

अशी कॅफे शहराच्या मध्यवस्तीत कमी आणि बाहेरच्या उपनगरांत अधिक का निघतात, याचे उत्तर जागेच्या हिशेबात आहे. मध्यवस्तीत दुकानाचे भाडे इतके असते की मालक प्रत्येक चौरस फुटावर टेबल मांडू पाहतो, तर शहराच्या कडेला मोकळे अंगण, झाडाची सावली आणि गाडी लावायला जागा तुलनेने स्वस्तात मिळते. दुसरीकडे त्याच वस्तीतली माणसे सदनिकांत राहतात. तेथे अंगण नसते, लिफ्टमधून कुत्रा नेण्यावरून सोसायटीत कुरबुरी होतात, आणि बागेच्या फाटकावर कुत्र्यांना मनाई असल्याची पाटी असते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 साली मार्गदर्शक सूचना काढून गृहनिर्माण सोसायट्यांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही असे स्पष्ट केले, तरी घरात ठेवण्याची मुभा मिळाली म्हणून बाहेर फिरवायला जागा मिळाली असे होत नाही, आणि ही उणीव भरून काढण्याचे काम कॅफेचे अंगण करते.

यातली कायद्याची बाजू बऱ्याच मालकांना धंदा सुरू केल्यावरच कळते. खाद्य व्यवसायांच्या परवान्यासाठी 2011 साली केलेल्या केंद्रीय विनियमांची चौथी अनुसूची स्वच्छतेच्या अटी सांगते, आणि खाद्यपदार्थांच्या आस्थापनेत प्राणी, पक्षी व पाळीव जनावरे येऊ देऊ नयेत ही त्यांपैकीच एक अट आहे. अट लिहिताना स्वयंपाकघरात शिरणारी मांजरे, उंदीर आणि भटकी जनावरे डोळ्यांसमोर असावीत, पट्टा बांधून मालकाच्या पायाशी बसलेला कुत्रा नव्हे. पण अक्षरशः वाचली तर ती दोघांनाही लागू पडते. म्हणून काळजी घेणारे मालक स्वयंपाकाची जागा भिंतीने पूर्ण वेगळी ठेवतात आणि कुत्र्यांना बाहेरच्या मोकळ्या भागापुरतेच येऊ देतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने हाच पेच कायदा करून सोडवला, आणि 1 जानेवारी 2015 पासून तेथील उपाहारगृहांना बाहेरच्या अंगणात कुत्रे येऊ देण्याची मुभा मिळाली. मात्र कुत्र्याला आत न जाता थेट अंगणात येण्याचा वेगळा रस्ता हवा, तो पट्ट्याने बांधलेला हवा, खुर्चीवर बसता कामा नये आणि त्याने केलेली घाण ताबडतोब साफ व्हायला हवी, अशा अटी त्यासोबत आल्या. आपल्याकडेही असे नेमके नियम व्हायला हवेत, कारण संदिग्ध बंदीने स्वच्छता वाढत नाही, फक्त तपासनीस येईपर्यंत सारे चालून जाते.

नीट चालवलेल्या श्वानस्नेही कॅफेत शिरताना पहिली विचारपूस लसीकरणाच्या कार्डाची होते, निदान व्हायला हवी. कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी टोचलेली आहे का, आणि पार्वो व डिस्टेंपर या पिलांना झपाट्याने मारणाऱ्या विषाणूजन्य रोगांची लस दिलेली आहे का, हे त्या कार्डावरून कळते. शिवाय गोचीड आणि पिसवा एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर सहज जातात, म्हणून केसांतही नजर टाकली जाते. टेबलाच्या पायाला किंवा भिंतीला पट्टा अडकवण्यासाठी कडी असते, आणि दोन टेबलांमध्ये इतके अंतर राखलेले असते की एका कुत्र्याला दुसऱ्याच्या ताटलीपर्यंत पोचता येऊ नये, कारण अन्नावरून होणारी भांडणे सर्वांत पटकन पेटतात. पाण्याचे भांडे प्रत्येक कुत्र्यानंतर धुतात आणि माणसांच्या बशा कुत्र्यांपुढे ठेवत नाहीत. ही सारी शिस्त एका गृहीतावर उभी आहे, ते म्हणजे आत आलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या पट्ट्याचे दुसरे टोक कोणाच्या तरी हातात आहे आणि त्याच्या वागण्याबद्दल तो माणूस जबाबदार आहे.

आष्टीत हे गृहीतच नसते. वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेकडचा, संत्र्यांच्या बागांचा आणि गवळाऊ गुरांचा हा तालुका इतिहासात ओळखला जातो तो 16 ऑगस्ट 1942 च्या उठावासाठी, आणि त्या दिवसाच्या हुतात्म्यांमुळे गावाचे नाव आजही आदराने घेतले जाते. बाकी रोजचे जगणे विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावासारखेच, म्हणजे एसटी स्थानक, कचेरी, बाजार आणि त्यांच्या आजूबाजूच्या चहाच्या टपऱ्या. अशा टपरीच्या बाकाखाली सकाळपासून एकदोन गावठी कुत्रे पसरलेले असतात. टोस्टचा मोडका तुकडा, पारलेचे अर्धे बिस्किट, तर्री-पोह्यांच्या प्लेटीत उरलेला रस्सा, आलुबोंड्याचा शेवटचा घास असे दिवसभरात पन्नास हातांनी त्यांच्याकडे येत राहते. तो कुत्रा कोणाचा, असे विचारले तर टपरीवाला म्हणतो ‘इथलाच आहे’, आणि या दोन शब्दांत आपलेपणही असते आणि जबाबदारीतून सुटकाही.

हे आपलेपण वरवरचे नाही, त्याची मुळे मराठी मनात खोल गेलेली आहेत. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे, ती कोरडी खाऊ नये म्हणून, तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा घरोघर सांगितली जाते. खंडोबाच्या सोबत कुत्रा असतो, दत्तात्रेयांच्या पायांशी चार कुत्रे उभे असतात. मुंबईत कंपनी सरकारने भटके कुत्रे मारण्याची मोहीम काढली तेव्हा जून 1832 मध्ये पारशी समाजाने बाजार बंद पाडून दंगा केला, हीदेखील याच भूमीवरची घटना. मात्र वर्ध्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या गांधीजींचे मत वेगळे होते. वर्ध्याला येण्याच्या काही वर्षे आधी, 1926 साली, अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने साठ भटके कुत्रे मारवल्यावरून उठलेल्या वादात त्यांनी ‘यंग इंडिया’त लेखमाला लिहिली, आणि तिच्यात त्यांचा मुख्य मुद्दा असा होता की बेवारस कुत्र्यापुढे तुकडा टाकणे ही खरी दया नव्हे, ज्याला कुत्र्याची कणव आहे त्याने त्याला घरी सांभाळावे किंवा सांभाळणाऱ्या संस्थेला पैसा द्यावा, कारण धनी नसलेला कुत्रा हा समाजाचा दोष आहे. त्या लेखांवर संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. कुत्रे मारण्याच्या बाजूने त्यांनी जे लिहिले ते आज लस आणि नसबंदी हाताशी असताना स्वीकारण्याचे कारण उरलेले नाही, पण धन्याबद्दलचा त्यांचा मुद्दा जवळपास शंभर वर्षांनंतरही टपरीच्या बाकाखाली तसाच पडून आहे.

तुकड्याच्या दयेत कुत्र्याचे नुकसानही असते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बिस्किटात मैदा आणि साखरच मुख्य असल्याने त्याने पोट भरते, पोषण होत नाही. कांदा आणि लसूण यांच्यातील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, आणि तर्रीचा सारा जोर तर याच दोन गोष्टींवर असतो. चॉकलेट, द्राक्षे आणि मनुके हेही त्याच्यासाठी विषारीच. घासभर भात, वरून उकडलेले अंडे किंवा मसाला न घातलेले मांस हे कितीतरी बरे. विशेष म्हणजे ओळख जोडण्यासाठी खाऊ लागतोच असेही नाही. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांवर केलेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की अनोळखी माणसाकडून वारंवार खाणे मिळालेल्या कुत्र्यांपेक्षा, डोक्यावरून हात फिरवून घेतलेले कुत्रे त्या माणसावर अधिक विश्वास टाकू लागले.

पण हात फिरवण्याआधी रेबीजचा विचार करावाच लागतो. हा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून जखमेत शिरतो, मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो, आणि एकदा लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या पाहणीवरून देशात दरवर्षी सुमारे 5,700 माणसे या रोगाने मरतात असा अंदाज निघाला आहे. चावा बसताच जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे, तिच्यावर हळद, चुना किंवा तिखट न भरणे, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करून ठरलेले सर्व डोस पुरे करणे, एवढ्याने हा मृत्यू टळतो. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेतच प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते. रोग मुळातूनच आटोक्यात आणायचा तर गावातल्या दहापैकी किमान सात कुत्र्यांना लस टोचलेली असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

प्राणी जन्मनियंत्रण नियम, 2023 यांनी हे काम स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकले आहे, म्हणजे आष्टीपुरते ते नगरपंचायतीचे काम ठरते. कुत्रे पकडायचे, शस्त्रक्रियेने नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचलले तिथेच सोडायचे, अशी ती पद्धत आहे. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाच्या कडेला छोटी खाच पाडतात. टपरीसमोर झोपलेल्या कुत्र्याचा कान नीट निरखला, तर तशी खाच आहे की नाही हे दोन हातांवरूनही ओळखता येते, आणि गावात काम कितपत झाले याचा अंदाज त्यावरून कोणालाही बांधता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी हीच पद्धत मान्य केली, पिसाळलेल्या व हिंस्र कुत्र्यांचा अपवाद केला, आणि रस्त्यावर वाटेल तिथे खायला घालण्यास मनाई करून त्यासाठी ठरावीक जागा नेमण्यास सांगितले. त्यानंतर 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, रेल्वे स्थानके आणि बस स्थानके यांच्या आवारातील कुत्रे उचलून, नसबंदी व लसीकरणानंतर निवाऱ्यात ठेवावेत, पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असे ठरले. तालुक्याच्या गावात चहाची गर्दी असते ती नेमकी एसटी स्थानकाच्या आसपास, त्यामुळे या आदेशाचा सर्वांत थेट संबंध टपरीच्या कुत्र्याशी येतो.

निवारा बांधायला पैसा आणि पशुवैद्य लागतो, आणि लहान नगरपंचायतीकडे दोन्हींची चणचण असते, हे खरे आहे. तरीही काही गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. कुत्र्यांची संख्या त्यांना मिळणाऱ्या अन्नावर ठरते, आणि गावात ते अन्न दयाळू हातांपेक्षा उकिरड्यातून, मटणाच्या दुकानामागच्या टाकाऊ मांसातून आणि लग्नाच्या पंक्तीच्या उष्ट्यातून अधिक येते. तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त ग्रामस्वच्छतेला जे स्थान दिले, त्याचा हाही एक व्यवहारी अर्थ आहे, आणि विदर्भात तो वेगळा समजावून सांगावा लागू नये. उपनगरातल्या कॅफेकडून टपरीने उचलण्यासारखी गोष्ट लाकडी बाकांची किंवा फलकाची नसून त्या लसीकरणाच्या कार्डाची आहे. चारपाच टपरीवाल्यांनी मिळून आपल्या ओळीतल्या कुत्र्यांची नावे, खुणा आणि लसीच्या तारखा एका वहीत मांडल्या, आणि दरवर्षी पशुवैद्यकीय दवाखान्याला त्या दाखवल्या, तर ‘इथलाच’ कुत्रा प्रथमच कोणाचा तरी होईल.

मे महिन्यात विदर्भाचा पारा 45 अंशांना टेकतो. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. त्याला जीभ बाहेर काढून धापा टाकतच शरीर थंड करावे लागते, आणि त्यासाठी लागणारे पाणी मिळाले नाही तर तो उष्माघाताने मरतो किंवा चिडचिडा होऊन चावतो. खायला घालण्याची जागा ठरवताना ती मुलांच्या खेळण्यापासून आणि येण्याजाण्याच्या दारापासून दूर असावी आणि वर्दळ कमी असलेली वेळ निवडावी, असे 2023 चे नियम सांगतात. आष्टीत तशी जागा एसटी स्थानकाच्या आवाराबाहेर आणि आठवडी बाजाराच्या वाटेपासून बाजूला, सावलीत आणि पाण्याच्या नळाजवळ शोधावी लागेल, आणि ती शोधण्याचे काम नगरपंचायतीने टपरीवाल्यांना सोबत बसवून, उन्हाळा लागण्यापूर्वी करायला हवे.